नंबर पेन्सिलने लिहावा

ओळखीच्या माणसांचे पत्ते सांभाळायचे कशात, असं विचारलं तर आज बहुतेक जण मोबाइलकडे बोट दाखवतील. नंदुरबार जिल्ह्यात तेवढ्याने भागत नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या कुणाच्याही मोबाइलात ‘वसावे’, ‘पाडवी’, ‘वळवी’ किंवा ‘पावरा’ शोधलं, की नावांची रांगच लागते. त्यातच ‘वसावे नवीन’, ‘वसावे 2’, ‘पाडवी ऊस’ अशा नोंदी असतात आणि वर्षभराने त्या करणाऱ्यालाही त्यांचा उलगडा होत नाही. दिवाळीनंतर मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिकडे नवं सिमकार्ड येतं आणि जुन्याचा रिचार्ज राहून जातो. सलग 90 दिवस वापर नसेल आणि शिल्लकही संपली असेल, तर तो नंबर बंद होऊ शकतो. पुढे तोच एखाद्या परक्या माणसाला मिळतो. म्हणजे सगळी ओळख ज्या दहा आकड्यांना बांधली, तेच सर्वांत आधी हातचे जातात.

पत्ताही अढळ नसतो. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा माणसं होती त्याच घरात राहिली आणि पत्त्याची शेवटची ओळ बदलली. नर्मदाकाठी तर गावंच उठली. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली मणिबेलीसह 33 गावं बाधित झाली आणि त्यांतली अनेक कुटुंबं तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा इथल्या पुनर्वसन वसाहतींत आली. तरीही कुणाचा कोण आणि मूळचा कुठल्या पाड्याचा, ही ओळख पुसली गेली नाही. माझं म्हणणं एवढंच, की नोंद या न बदलणाऱ्या ओळखीवर उभी करावी आणि नंबर, मुक्काम, नोकरी हे सगळं तिच्या खाली लिहावं. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्याची मांडणी अशीच आहे: बारा अंकी क्रमांक कायम, पत्ता आणि मोबाइल मात्र बदलून घेता येतो. (दुसऱ्याचा आधार क्रमांक मात्र वहीत कधीही लिहू नये.)

घरातल्या वहीत हे सहज जमतं. एका माणसाला अर्धं पान द्यावं. वर शाईने पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, पाडा, तालुका आणि आपलं नातं किंवा ओळख कशातून झाली ते लिहावं. खाली पेन्सिलने नंबर आणि त्याच्याशेजारी तो घेतल्याचं वर्ष. नंबर बदलला तर जुना खोडरबराने घालवू नये, त्यावर एक रेघ मारावी. जुन्या नंबरवरून आलेला निरोप कुणाचा, हे पुढे त्यावरूनच कळतं. शेवटी आणखी एक नंबर हवा: भावाचा, मुकादमाचा किंवा रेंज असलेल्या गावातल्या दुकानदाराचा. डोंगरातल्या पाड्यावर निरोप पोचवायचा तर कित्येकदा हाच नंबर कामी येतो. अनुक्रम आडनावाने लावू नये, कारण इथे आडनावावरून माणूस सापडत नाही. तो गावाने लावावा.

गुगल खात्यात सगळं आपोआप साठतं, मग वही कशाला, असा आक्षेप येईल. सोय खरी आहे आणि ती सोडायचं कारण नाही. पण ते खातं बहुधा त्याच मोबाइल नंबरवर उघडलेलं असतं. नंबर गेला आणि पासवर्डही आठवत नसेल, तर खात्याचं दार उघडणं कठीण होतं. दोन वर्षं वापरलंच नाही, तर गुगल ते काढूनही टाकू शकतं. वही भिजते, जळते, हरवते, हा दुसरा आक्षेपही तितकाच रास्त आहे. म्हणून दोन्ही ठेवावं. मोबाइलातले संपर्क ‘व्हीसीएफ’ फाइलमध्ये उतरवता येतात. ही फाइल कुठल्या एका कंपनीची नाही, त्यामुळे जवळपास कुठलाही फोन ती वाचतो. तिची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्ये असावी. मोबाइलातही नाव वहीसारखंच, गाव-पाड्यासह लिहावं.

एवढा व्याप करायला वेळ कुणाला आहे, हेही विचारलं जाईल. रोज वेळ काढायची गरजच नाही. कामावर गेलेली माणसं होळीला सातपुड्यात परततात आणि त्याआधीच्या भोंगऱ्या बाजारात गावोगावचे लोक भेटतात. वर्षातून तेवढ्या आठवड्यात वही पिशवीत असली आणि भेटेल त्याला ‘नंबर तोच आहे का?’ असं विचारलं, तर वर्षभराची दुरुस्ती तिथेच होऊन जाते.