आडनाव लावले म्हणून देहदंड!

आडनावे आपल्याकडे गावावरून पडतात, वतनावरून पडतात, क्वचित एखाद्या पूर्वजाच्या खोडीवरूनही पडतात. होळ गावचे ते होळकर झाले नि पुढे इंदूरचे धनी झाले. परंतु केवळ आडनाव लावले म्हणून देहदंड, हे कपाळी आले ते स्कॉटलंडच्या मॅकग्रेगर घराण्याच्या.

'मॅक' म्हणजे पुत्र. 'ग्रेगर' हे मूळ ग्रीक नाव, अर्थ जागरूक. नवव्या शतकातील केनेथ मॅकअल्पिन राजाशी कुळाची परंपरा नाते जोडते, आणि 'आमचे कुळ राजवंशी' असे त्यांचे ब्रीदच आहे. इतिहासकार मात्र चौदाव्या शतकातील ग्लेनऑर्कीच्या ग्रेगरपाशी थांबतात. (वंशावळीत सूर्यचंद्रापर्यंत पोचण्याची हौस आपल्यालाच आहे असे नाही!) ह्या ग्लेनऑर्कीच्या सनदा शेजारच्या कँबेल सरदारांनी राजाकडून मिळविल्या. कागद एकाचा नि वहिवाट दुसऱ्याची, म्हटल्यावर जे व्हायचे तेच झाले. मॅकग्रेगर भूमिहीन झाले, डोंगरात शिरले, गुरे पळवू लागले.

७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन फ्रूइनच्या खिंडीत त्यांनी कोहून घराण्याची शंभरावर माणसे कापली. सहावा जेम्स राजा तेव्हा इंग्लंडचे तख्त घ्यायला निघण्याच्या गडबडीत होता. जाता जाता, ३ एप्रिलला, त्याच्या मंत्रिमंडळाने मॅकग्रेगर हे नावच रद्द ठरविले. नाव न टाकणाऱ्यास मरण! कुळाचा नायक ॲलिस्टर ह्यास पुढल्या जानेवारीत एडिंबरोला फाशी दिले. पुढे तर ह्या कुळातील चारांहून अधिकांनी एकत्र जमू नये, मांस कापायच्या बोथट सुरीवाचून शस्त्र बाळगू नये, असेही हुकूम सुटले.

मग कोणी ग्रँट झाला, कोणी ड्रमंड, कोणी मरे. कोणी तर चक्क कँबेल! दुसऱ्या चार्ल्सने १६६१ साली बंदी उठविली, ती १६९३ साली पुन्हा बसली. सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीमुळे गाजलेला रॉब रॉय ह्याने आईचे कँबेल हेच नाव पत्करले होते. कायदा कायमचा रद्द झाला तो १७७४ साली.

पुढचा दुवा आपल्या बाजूचा आहे. जॉन मरे नावाचा कंपनीच्या बंगाल लष्करातील अधिकारी वंशाने मॅकग्रेगरच. कुळातील ८२६ जणांनी सह्या करून त्याला नायक मानले. त्याचा मुलगा इव्हान हाही हिंदुस्थानात लष्करात होता. मंदसोरच्या तहानंतर होळकरांचा तापीकाठचा थाळनेर किल्ला इंग्रजांना द्यावयाचा होता. किल्लेदार तुळशीराम मामांनी तो दिला नाही. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी हिस्लॉपची फौज आत घुसली, तेव्हा दरवाजातील चकमकीत कॅप्टन मॅकग्रेगर म्हणून एक अधिकारी ठार झाला आणि इव्हान मॅकग्रेगर मरे जबर जखमी झाला. शिबंदीची कत्तल झाली नि किल्लेदारांना फाशी दिले, ही थाळनेरची कटू आठवण खानदेशात अजून बुजलेली नाही.

इव्हान वाचला. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटाभोवती पहारा द्यायला इव्हान आपल्या मॅकग्रेगरांना घेऊन उभा होता. त्याच वर्षी बाप वारल्यावर त्याने राजाचा परवाना काढून पूर्वजांचे आडनाव रीतसर परत घेतले. बाकी कित्येक घराणी मात्र उसन्या नावातच रुळून गेली. आजही एखादा ग्रँट किंवा ड्रमंड चर्चची जुनी दप्तरे चाळतो, आणि पूर्वजाच्या नावापुढे 'ऊर्फ मॅकग्रेगर' एवढी नोंद सापडते का पाहतो.