ओळ वाचणे आणि अर्थ लावणे

खडकीकराला भाषाशास्त्राचा पहिला धडा घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गावाच्या नावापासूनच प्रारंभ करता येतो. 'खडकी' आणि 'खडक' यांचे नाते मराठी माणसाला समजावून द्यावे लागत नाही. परंतु ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे झालेली लढाई इंग्रजी इतिहासग्रंथांत 'किर्कीची लढाई' म्हणून नोंदलेली आढळते. इंग्रजांनी नाव बिघडवले, असे म्हणून आपण मोकळे होतो. भाषेचा अभ्यासक मात्र विचारतो की, 'ड'चा 'र' का झाला? याचे उत्तर आपल्याच जिभेवर आहे. 'डबा' आणि 'वडा' हे दोन शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहा. 'डबा'तला 'ड' टाळूवर ठामपणे टेकतो. 'वडा'तला 'ड' टाळूला चाटून सुटतो. हा दुसरा ध्वनी इंग्रजीत नाही, आणि इंग्रजी कानाला त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो तो 'र'. बडोद्याचे 'बरोडा' झाले तेही याच वाटेने. म्हणजे ज्याला आपण केवळ परक्यांचा अडाणीपणा समजत होतो, त्यामागे एक नियम निघाला.

शब्दाकडे असे पाहण्याचे शास्त्र ज्या दोन ठिकाणी वाढले ती आपल्या अगदी शेजारी आहेत. एका अंगाला गणेशखिंडीत १९४९ साली स्थापन झालेले पुणे विद्यापीठ. दुसऱ्या अंगाला होळकर पुलापलीकडे डेक्कन कॉलेज. हे जुने कॉलेज १९३४ साली बंद पडले आणि १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. तेव्हा तेथे भाषाशास्त्राचे डॉ. सु. मं. कत्रे, पुरातत्त्वाचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि समाजशास्त्राच्या डॉ. इरावती कर्वे ही मंडळी एकत्र आली. एक शब्द पाही, दुसरा मातीखालचे खापर पाही, तिसरी माणसांची नाती पाही. वरवर पाहता या तीन वाटा वेगळ्या दिसतात. परंतु अर्थ लावण्याची वेळ आली म्हणजे त्या एकमेकींना येऊन मिळतात.

शब्दाचे उदाहरण आधी घेऊ. डॉ. कत्रे यांनी १९४८ साली संस्कृतच्या एका प्रचंड कोशाचे काम आरंभिले. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दांच्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला भाग १९७६ साली छापून झाला. पुढे तीसहून अधिक खंड निघाले, तरी त्यांत 'अ'ने आरंभ होणारे शब्दच आले आहेत. हे ऐकून कोणी हसेल; पण कामाची रीत पाहिली म्हणजे हसू थांबते. या कोशात शब्दाचे अर्थ कालक्रमाने मांडायचे असतात. 'असुर' शब्द आपण ऐकतो तो राक्षस या अर्थाने. ऋग्वेदात मात्र वरुणासारख्या देवालाही तो गौरवाने लावलेला आहे. आजचा अर्थ मनात धरून ते सूक्त वाचणारा देवालाच राक्षस करून बसेल! कोणत्या काळी, कोणत्या ग्रंथात, कोणाविषयी हा शब्द आला, हे पाहिल्यावाचून अर्थ सांगू नये, एवढाच या कोटीभर चिठ्ठ्यांचा आग्रह आहे.

आता नात्यांचे उदाहरण. आपल्याकडच्या अनेक घरांत सून सासऱ्यांना 'मामंजी' आणि सासूबाईंना 'आत्याबाई' म्हणत असे. मामा म्हणजे आईचा भाऊ आणि आत्या म्हणजे वडिलांची बहीण, एवढा अर्थ कोशात मिळेल. मग सासऱ्यांना मामा का म्हणावे? मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न होण्याची चाल ध्यानात घेतली, की कोडे सुटते. त्या चालीत सासरा मामाच असू शकतो आणि सासू आत्याच असू शकते. चाल मागे पडली तरी हाक राहिली. इरावतीबाईंचा भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या भाषांतील नात्यांचे शब्द हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा आधार होता. येथे शब्दाचा अर्थ समाजाने सांगितला, आणि समाजाची जुनी चाल शब्दाने सांगितली.

परंतु अनेक शास्त्रांची खरी कसोटी लागते ती जुना लेख वाचताना. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी नागरी लिपीत कोरलेल्या दोन मराठी ओळी प्रसिद्ध आहेत. चावुंडराजाने करविले, असे पहिली ओळ सांगते. गंगराजाने 'सुत्ताले' करविले, असे दुसरी. पहिली ओळ इ.स. ९८३ च्या सुमाराची आणि म्हणून मराठीतले पहिले कोरलेले वाक्य, असे आपल्या कित्येक पिढ्या शाळेत शिकल्या.

ही तारीख आली कोठून? चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री. त्याने ही मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारली, हे इतिहासाला मान्य आहे. तेव्हा त्याचे नाव सांगणारी ओळही त्याच काळची, असे धरले गेले. येथेच पाय घसरतो. एखादे देऊळ पेशव्यांनी बांधले, अशी पाटी आज कोणी त्याच्या दारावर लावली, तर देऊळ पेशवाईतले ठरेल. पाटी ठरणार नाही. घडलेल्या गोष्टीचा काळ आणि ती लिहिल्याचा काळ, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरी ओळ येथे मदतीला येते. 'सुत्ताले' हा शब्द मराठी माणसाला अडतो. कानडी जाणणाऱ्याला अडत नाही. 'सुत्तालय' म्हणजे भोवतालची ओवऱ्यांची इमारत. इतिहासाचा अभ्यासक सांगतो की, गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा. मग लिपीचा जाणकार दोन्ही ओळींच्या अक्षरांचे वळण ताडून पाहतो, आणि दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या असाव्यात, असा कौल देतो. तेव्हा पहिली ओळही इ.स. १११७ च्या आसपासची ठरते. अशा रीतीने कानडी, इतिहास आणि लिपिशास्त्र यांनी मिळून आपले 'पहिले वाक्य' सुमारे एकशेतीस वर्षे अलीकडे आणले.

यात आपण काय गमावले? एक मान गमावला खरा. परंतु कमावले ते अधिक मोलाचे आहे. त्याच मूर्तीजवळ हीच हकीकत कानडीत आणि तमिळमध्येही कोरलेली आहे. म्हणजे कर्नाटकातल्या त्या जैन तीर्थावर मराठी वाचणारे यात्रेकरूही येत असावेत, असे अनुमान निघते. शिवाय मराठीचे वय एका ओळीवर टांगलेले नाही. विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा ग्रंथ सिद्ध केला. अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा त्यांनी वाचला. हे वाचनही पुढच्या अभ्यासकाला तपासता येईल. नव्हे, त्याने ते तपासावे.

हे आज मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपणा सर्वांना त्याचा आनंद झाला. परंतु अशा वेळी जुने ते अधिक जुने करून सांगण्याचा मोह होतो. भाषेवरचे प्रेम आपल्याला आवडेल ते वाचण्यात नसून, लिहिले आहे ते वाचण्यात आहे. आवडती तारीख पुराव्यापुढे सोडून देता येणे, हे भाषा प्रौढ झाल्याचे लक्षण मानावे.

यात पंडितांचेच काम आहे असे नाही. आपल्या माळ्यावर आजोबांचे मोडीतले दप्तर असेल, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवावे. आजी एखादा शब्द वेगळ्या अर्थाने वापरत असेल, तर तिला हसू नये. शब्द, अर्थ, तिचे माहेरचे गाव आणि तारीख वहीत टिपून ठेवावी. कोटीभर चिठ्ठ्यांचा कोशही अशाच एकेका चिठ्ठीने उभा राहिला. आज ज्या हाका घरात ऐकू येतात, त्या उद्या येतीलच असा भरवसा नाही. आणि न टिपलेल्या शब्दाचा अर्थ पुढे कोणत्याही शास्त्राला लावता येत नाही.