कापणी यंत्राची पाती आणि रिव्हेटांची बसवणूक

पीक पक्व होऊन उभे राहिले म्हणजे कापणीस विलंब परवडत नाही. दाणे गळू लागतात आणि अवकाळी पावसाची धास्ती असते. अशा वेळी कापणी यंत्राचे एखादे पाते सैल झाले, तर ते पुढील लोखंडी दातांवर आपटते व चालू काम अडते. पुष्कळदा दोष पात्याचा नसून, ते ज्या रिव्हेटांनी पट्टीवर जखडलेले असते त्यांच्या बसवणुकीचा असतो.

प्रथम इंजिन बंद करून पाती असलेली पट्टी यंत्रातून काढावी. पट्टी व्हाइसच्या जबड्यांवर टेकवून पात्याच्या मागील कडेवर हातोडीचा ठोका दिल्यास जुने रिव्हेट तुटतात. पाते कठीण पोलादाचे असल्याने त्याची कपची उडू शकते. म्हणून डोळ्यांना चष्मा अवश्य लावावा. उरलेले तुकडे पोगराने काढून छिद्रे स्वच्छ करावीत व कडेचा खरवडा कानशीने घालवावा. छिद्र लांबट झाले असेल, तर रिव्हेट कितीही ठोकला तरी टिकत नाही. तेथे पट्टीच बदलणे हिताचे होय.

रिव्हेट छिद्रात जेमतेम सरकेल इतकाच जाड हवा. गोल डोके घडविण्यासाठी दांडा व्यासाच्या सुमारे दीडपट बाहेर राहावा. पट्टी व पाते मिळून जाडी ८ मिलिमीटर आणि रिव्हेट ५ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर दांड्याची लांबी सुमारे १५.५ मिलिमीटर असावी. आखूड दांड्याचे डोके अपुरे राहते. लांब दांडा वाकतो. घडलेले डोके ऐरणीवर भक्कम टेकवून, दोन्ही भाग एकमेकांस घट्ट भिडवून मगच ठोके द्यावेत. पहिले ठोके सरळ द्यावेत, म्हणजे दांडा फुगून छिद्र भरतो. नंतर डोके गोल करावे. अतिरेकी ठोकण्याने डोक्यास चिरा पडतात.

यंत्रावरील पातळ पत्र्याचे आच्छादन बोल्टाने बसवावयाचे असते, तेथे निराळी अडचण येते. ६ मिलिमीटर बोल्टाच्या नेहमीच्या आट्यांमध्ये १ मिलिमीटर अंतर असते. म्हणजे १ मिलिमीटर पत्र्यात जेमतेम एकच आटा बसतो व तो लवकर झिजतो. अशा ठिकाणी आतून आटे असलेली रिव्हेट-नट नळी बसवावी. तिच्यासाठी छिद्र सर्वसाधारणपणे ९ मिलिमीटरचे लागते. तथापि उत्पादकाने दिलेले माप व पत्र्याची जाडी पाहूनच नळी निवडावी. छिद्र मोठे झाल्यास बोल्ट आवळताना नळीच फिरू लागते.

काम संपल्यावर प्रत्येक रिव्हेटाच्या एका बाजूस बोट ठेवून दुसऱ्या बाजूस हलका ठोका द्यावा. सैल रिव्हेट बोटास हादरलेला जाणवतो. तो पुन्हा न ठोकता काढून नवा बसवावा.

ग्रामसेवकांनी टाकाऊ पट्टीवर योग्य व आखूड असे दोन रिव्हेट बसवून हा फरक शेतकरी बंधूंस प्रत्यक्ष दाखवावा. ही तपासणी हंगामापूर्वी झाली, तर ऐन कापणीत यंत्र शेतात थांबणार नाही.