चीर देण्याआधीचा तास

हर्नियाचं ऑपरेशन ठरवून, नीट पार पडलं तरी घरी जाताना पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या हातात पडतात. कारण एकच, ‘टाके सुकेपर्यंत असू द्या’. अपेंडिक्स फुटलं असेल, पोटात पू असेल, तर तो उपचार आहे आणि त्याचा कोर्स पूर्ण करायलाच हवा. पण स्वच्छ शस्त्रक्रियेत टाके पडेपर्यंत औषधाचं काम जवळपास उरकलेलं असतं. बोस्टनच्या जॉन बर्क यांनी 1961 साली हे गिनीपिगच्या कातडीवर दाखवलं. त्यांनी त्वचेत स्टॅफिलोकोकस टोचले आणि पेनिसिलिन वेगवेगळ्या वेळी दिलं. जंतूंच्या आधी किंवा बरोबर दिलेल्या औषधाने गाठ आटोक्यात राहिली. तीन तास उलटल्यावर दिलेलं न दिल्यासारखंच ठरलं. इतका साधा प्रयोग, आणि इतका दुर्लक्षित! यंत्रमागांच्या भिवंडीत हे समजायला अवघड जाऊ नये. सायझिंगमध्ये ताण्याला खळ लागते ती बीम मागावर चढण्याआधी. कापड विणून झाल्यावर खळ ओतून तुटलेले धागे सांधत नाहीत. माणसांवरचा पुरावा 1992 साली सॉल्ट लेक सिटीतून आला. 2,847 रुग्णांपैकी ज्यांना चिरेआधीच्या दोन तासांत औषध मिळालं, त्यांच्यात जखमेचा संसर्ग 0.6 टक्के होता. चीर देऊन तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांत 3.3, आणि फार आधी मिळालेल्यांत 3.8 टक्के. म्हणून सेफाझोलिन हे अँटिबायोटिक चिरेआधीच्या तासाभरात देतात. मोठ्या माणसाला 2 ग्रॅम, वजन 120 किलो किंवा जास्त असेल तर 3 ग्रॅम. ऑपरेशन चार तासांपुढे लांबलं किंवा दीड लिटरहून जास्त रक्त गेलं, तर टेबलावरच पुन्हा एक डोस.

यावर ठरलेला आक्षेप असा, की हे नियम अमेरिकेतल्या चकचकीत थिएटरांचे. आपल्याकडची गर्दी, दमटपणा, धूळ बघता दोन दिवस जास्तच बरे. पण औषध लांबवल्याने काय मिळतं? हृदयशस्त्रक्रियेच्या 2,641 रुग्णांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. 48 तासांपुढे औषध चालू ठेवल्याने संसर्ग कमी झाले नाहीत, प्रतिरोधक जंतू मात्र वाढले. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली ऑपरेशननंतर प्रतिबंधक डोस लांबवू नका असं सांगितलं, ते केवळ श्रीमंत देशांसाठी नव्हे. थिएटर अस्वच्छ असेल तर ऑटोक्लेव्ह आणि हात धुणं सुधारावं लागेल. ती उणीव गोळ्यांची पाकिटं भरून काढत नाहीत. उलट याच संघटनेच्या 2008 च्या तपासणी-यादीत एक फुकटातला उपाय आहे. सर्जन अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली बनलेल्या त्या यादीत चीर देण्यापूर्वी मोठ्याने विचारायचं असतं: गेल्या 60 मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का? नातेवाइकांनीही गोळ्या किती दिवस, याआधी हेच विचारावं.