यंत्र चुकलें तर निकाल कोणाचा?

पंचाचें काम पत्करूं नये असें आमचे वडील म्हणत, आणि तें खरें असल्याचा अनुभव आम्हांस गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आला. आमचे दोन पुतणे आणि शेजारचीं चार मुलें अशा सहा जणांनीं पोकेमॉन या व्हिडिओ गेमचे सामने लावावयाचे ठरविलें, आणि घरांत रिकामें बसलेलें वडील माणूस एकच दिसल्यामुळें पंचाची जागा आम्हांस देऊं केली. लहानपणीं आम्ही विटीदांडूचे पंच झालों होतों. तेथें फार तर अंतर मोजण्यावरून तंटा होई. येथें पहिल्याच दिवशीं थोरल्या पुतण्यानें विचारलें, "काका, या खेळाच्या गणितांत कांहीं चुका आहेत. त्या जगजाहीर आहेत. त्यांचा फायदा घेतला तर चालेल कां?" धाकटा लागलीच ओरडला, "मुळींच नाहीं! ती लबाडी आहे." त्यावर थोरला शांतपणें म्हणाला, "जो अभ्यास करील त्यास फळ मिळालें, तर त्यांत लबाडी कसली?" दोघांचेंही म्हणणें आम्हांस त्या क्षणीं खरें वाटलें, आणि पंचास याहून मोठी अडचण ती कोणती?

विद्यार्थ्यांस हा खेळ ठाऊकच असेल. पालकांकरितां दोन शब्द सांगितले पाहिजेत. जपानांतील गेम फ्रीक या मंडळीनें रचलेला हा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय नांवाच्या हातांत मावणाऱ्या यंत्रासाठीं निघाला. त्यांत १५१ काल्पनिक प्राणी आहेत. प्रत्येक खेळाडूनें सहा प्राणी निवडावयाचे, दोन यंत्रें तारेनें जोडावयाचीं, आणि प्रत्येक फेरींत दोघांनींही गुप्तपणें एकेक हुकूम देऊन झुंज खेळावयाची. हल्ला, बचाव, वेग इत्यादि गुणांचे आंकडे प्रत्येक प्राण्यास असतात आणि घाव किती बसला याचा हिशेब यंत्र त्यांवरून करतें. २०१६ सालीं हाच खेळ निन्टेन्डो थ्रीडीएस या नव्या यंत्रावर पुन्हां निघाला, तेव्हां जुन्या चुकाही जशाच्या तशा आल्या. ती विक्री मार्च २०२३ मध्यें बंद झाली. आमच्या मुलांजवळ त्यापूर्वींच्या प्रती आहेत.

आतां चूक कोणती तें पाहूं. पेन्सिल व कागद घेऊन बसल्यास इंग्रजी पांचवीच्या मुलासही ती कळेल.

गेम बॉयचा मेंदू एका वेळीं आठ घरांची द्विमान संख्या हाताळतो. म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंत. मोटारीच्या मीटरवर ९९९९ नंतर ०००० येतात, त्याचप्रमाणें येथें २५५ नंतर पुन्हां शून्य येतें. परंतु हल्ला व बचाव यांचे आंकडे ९९९ पर्यंत वाढूं शकतात. मग एवढी मोठी संख्या लहान घरांत बसवावी कशी? रचनाकारांनीं युक्ति काढली कीं, हल्ला किंवा बचाव यांपैकीं एकही आंकडा २५५ च्या वर गेला, तर दोन्ही आंकडे चारांनीं भागावे. ९९९ ला चारांनीं भागिलें तर २४९ येतात, म्हणजे मोठ्यांत मोठा आंकडाही २५५ च्या आंत राहतो. येथवर योजना अगदीं निर्दोष आहे. घोटाळा पुढें आहे. 'रिफ्लेक्ट' नांवाचा एक हुकूम प्राण्यासमोर जणूं अदृश्य भिंत उभी करून त्याचा बचाव दुप्पट करतो. आणि हें दुप्पट करणें ९९९ ची मर्यादा लावून झाल्यानंतर होतें. त्यामुळें बचाव १०२४ किंवा त्याहून अधिक होऊं शकतो. १०२४ ला चारांनीं भागिलें कीं २५६ येतात. आणि २५६ म्हणजे मीटर फिरून शून्य.

धाकट्याचा आवडता प्राणी क्लॉयस्टर. शिंपल्यांत राहणारा, बचावांत बळकट. पूर्ण वाढ झाल्यावर त्याचा बचाव ४५८ होतो. त्याच्यावर टॉरस नांवाच्या बैलानें २९८ हल्ल्याच्या बळावर 'बॉडी स्लॅम' केला असें समजा. भिंत नसतां घाव ७२ चा बसतो. (शेवटीं दैवाचा थोडा अंश असतो, हे आंकडे त्यापूर्वींचे आहेत.) क्लॉयस्टरनें 'विथड्रॉ' हुकुमानें अंग आंत ओढून घेतलें तर बचाव दीडपट, म्हणजे ६८७ होतो आणि घाव ४८ वर येतो. त्याऐवजीं नुसती रिफ्लेक्टची भिंत बांधली तर बचाव ९१६ होऊन घाव ३७ चा. मग दोन्ही उपाय एकदम केले तर? कोणीही म्हणेल, घाव आणखी कमी होईल. बचाव १३७४ होतो खरा. पण त्यास चारांनीं भागून ३४३ येतात, त्यांतून २५६ गळून पडतात, आणि हिशेबास उरतात अवघे ८७. घाव बसतो ९३ चा! म्हणजे कांहींच न केलें असतें तर ज्यास ७२ लागले असते, त्यानें दोन वेळां सावधगिरी केल्यामुळें त्यास ९३ लागतात. क्लॉयस्टरचे एकंदर प्राणांक ३०३. तेव्हां हा फरक कांहीं थोडाथोडका नव्हे. थोरला टॉरस बाळगून होता आणि त्यास हें सारें पाठ होतें. धाकट्यास यांतलें अक्षरही ठाऊक नव्हतें. त्याच्या प्रश्नामागचें मर्म आमच्या ध्यानांत आलें तें हा हिशेब मांडल्यावर.

आम्हीं जो पहिला निर्णय दिला तो चुकीचा होता, हें कबूल केलें पाहिजे. आम्ही म्हणालों, "जेथें यंत्राचें गणित चुकेल तेथें सामना रद्द समजून पुन्हां खेळावा." ऐकावयास हा न्याय फार गोड लागला, मुलांनीं टाळ्याही वाजविल्या. तिसऱ्या दिवशीं शेजारचा एक मुलगा हरत आला होता. शेवटचा प्राणी उरला असतां त्यानें मुद्दाम दोन्ही उपाय योजून आपलाच बचाव बिघडवून घेतला आणि हात वर करून म्हणाला, "काका, चूक झाली. सामना रद्द!" यंत्राचा दोष हा हरणाराच्या खिशांतील सुटकेचा दाखला होऊन बसला, आणि तो दाखला आम्हीं स्वतःच्या हातानें लिहून दिला होता.

मग कागदावर बरोबर हिशेब करून निकाल द्यावा, असें आमच्या मनांत आलें. परंतु प्राणांकांची वही यंत्राजवळ असते, आपल्याजवळ नव्हे. कागदावरचा आंकडा तिच्यांत घालण्यास मार्गच नाहीं. क्रिकेटची गोष्ट निराळी. १ फेब्रुवारी १९८१ रोजीं मेलबर्न येथें न्यूझीलंडला बरोबरीसाठीं शेवटच्या चेंडूवर सहा धांवा हव्या असतां, ऑस्ट्रेलियाच्या कप्तानानें आपल्या भावाकडून चेंडू हाताखालून जमिनीवर सरपटत टाकविला. तें त्या वेळच्या नियमांत बसत होतें. लोकांनीं छीथू केली आणि पुढें नियम बदलला. तेथें नियम पुस्तकांत होता. येथें नियम विकल्या गेलेल्या लाखों यंत्रांच्या पोटांत गोठलेला आहे.

खुद्द रचनाकारांचीही या बाबतींत कशी कोंडी झाली तें पाहण्यासारखें आहे. १९९९ सालीं निघालेल्या 'गोल्ड' व 'सिल्व्हर' या पुढील आवृत्त्यांतही भिंतीचा हा दोष राहिला. डिसेंबर २००० मध्यें 'क्रिस्टल' ही आवृत्ति आली. तींत एकट्यानें खेळावयाच्या झुंजींत तो दुरुस्त केलेला आहे, पण दोन यंत्रें जोडून होणाऱ्या झुंजींत तसाच राहूं दिला आहे! याचें कारण थोड्या विचारानें कळतें. जोडलेलीं यंत्रें एकमेकांस हुकूम कळवितात, परंतु घावाचा हिशेब प्रत्येक यंत्र आपापला करतें. एका यंत्राचें गणित सुधारलें आणि दुसऱ्याचें जुनेंच राहिलें, तर एकाच्या पडद्यावर प्राणी मरेल आणि दुसऱ्याच्या पडद्यावर तो उभा असेल. दोघांनींही सारखेंच चुकणें हें एकानें बरोबर असण्यापेक्षां तेथें अधिक उपयोगाचें होतें.

जगांतील जाणत्या खेळाडूंनीं जो मार्ग काढला तोही याच जातीचा आहे. २००४ सालीं स्थापन झालेल्या 'स्मोगन' या खेळाडूंच्या मंडळाचे नियम आज पुष्कळ ठिकाणीं प्रमाण मानतात. त्यांनीं जुन्या खेळाचें गणित दुरुस्त करण्याचा खटाटोप केला नाहीं. वर्मीं घाव बसण्याचा संभव वाढविण्यासाठीं केलेला 'फोकस एनर्जी' हा हुकूम प्रत्यक्षांत तो संभव चौथाई करतो, राहूं दिला. अचूक म्हणून लिहिलेला हल्लाही सरासरीनें २५६ वेळांत एकदां चुकतो. तेंही राहूं दिलें. भिंतीचा घोटाळाही तसाच. मात्र 'डिग' आणि 'फ्लाय' हे दोन हुकूम त्यांनीं साफ बंद केले. यांत प्राणी एका फेरींत जमिनींत शिरतो किंवा आकाशांत उडतो आणि पुढच्या फेरींत घाव घालतो. मधल्या काळांत तो अस्पर्श असतो, तें ठीकच आहे. पण पक्षाघात झालेल्या प्राण्याची दुसरी फेरी जर अंग लुळें पडून फुकट गेली, तर तो वर दिसूं लागला तरी अस्पर्शच राहतो आणि जवळजवळ कोणताही हल्ला त्यास लागत नाहीं. समोरच्यानें कितीही अभ्यास केला असला तरी त्यानें करावें काय?

डेव्हिड सर्लिन या अमेरिकन खेळाडूनें बंदीच्या नियमास तीन कसोट्या लाविल्या आहेत: नियम पाळला गेला कीं नाहीं हें ओळखतां यावें, बंद केलेली गोष्ट नेमकी दाखवितां यावी, आणि बंदीची खरोखर गरज असावी. डिगवरील बंदी तिन्ही कसोट्यांस उतरते. हुकुमांची यादी पाहिली कीं तो आहे किंवा नाहीं हें तत्काळ कळतें. उलट "चुकीचा फायदा घेऊं नये" हा धाकट्यास हवा असलेला नियम पहिल्याच कसोटीस अडतो. बैलानें हल्ला केला तो चूक जाणून कीं सहज, हें पंचानें कोणाच्या मनांत शिरून पाहावें? शिवाय भिंतीचा दोष ज्याच्या अंगावर येतो, त्यास तो टाळणें पूर्णपणें आपल्या हातीं असतें. दुसरी भिंत बांधली नाहीं म्हणजे झालें. अट एकच कीं, त्यास तो दोष माहीत पाहिजे.

आमच्या मतें सारा न्याय या अटींत आहे, आणि थोरल्यास तीच रुचली नाहीं. आम्हीं सहाही मुलांस ओटीवर बसविलें आणि ७२, ४८, ३७ व ९३ हे चारही आंकडे त्यांच्याकडून पाटीवर काढून घेतले. सर्वांत लहान मुलीनें ९३ दोनदां खोडून पुन्हां काढले. तिचा विश्वासच बसेना. थोरला कोपऱ्यांत फुगून बसला होता. "मी तें शोधून काढलें, आणि तुम्हीं सगळ्यांना फुकट वाटलें," असें तो म्हणाला. त्याच्या रागास कांहींच आधार नव्हता असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यानें खरोखर रात्रीं जागून वाचलें होतें. म्हणून पाटी धरण्याचें व समजावण्याचें काम आम्हीं त्यासच दिलें, आणि अर्ध्या तासानें तो राग विसरून शिकवूं लागला.

मग दारावर कागद चिकटविला. गणित यंत्र करील तें खरें. सामना त्या कारणानें रद्द होणार नाहीं. डिग व फ्लाय चालणार नाहींत. तिसरें कलम आम्हांस उशिरां सुचलें. बचाव बरोबर ५१२ किंवा ५१३ असतां तो दुप्पट केला तर भागाकारानंतर शून्य उरतें; शून्यानें भागण्याची पाळी आली कीं यंत्र जागच्या जागीं थिजतें. हरणारास ही सुटका तर पहिलीपेक्षांही सोयीची. म्हणून ज्याच्या हुकुमामुळें यंत्र थिजेल तो हरला, असें लिहिलें. त्या कलमाचा उपयोग करण्याची वेळ अद्याप आली नाहीं.

धाकटा आतां 'गोल्ड' खेळतो. त्यांत मारोवॅक नांवाचा प्राणी आहे. त्याच्या हातीं 'थिक क्लब' नांवाचें जाड हाड दिलें कीं त्याचा हल्ला दुप्पट होतो. जन्मतः मिळणारा हल्ल्याचा गुण शून्य ते पंधरा असतो. पंधरा गुणांचा मारोवॅक पूर्ण वाढला म्हणजे हल्ला २५८. 'सोर्ड्स डान्स' केला कीं ५१६, हाडामुळें १०३२, आणि जोडलेल्या झुंजींत भागाकार होऊन उरतात अवघे २. तेरा गुणांचा घेतला तर २५४ चे १०१६ होतात, भागून पुन्हां २५४, आणि एकही गळत नाहीं. म्हणून जाणते खेळाडू मुद्दाम तेराचाच शोधतात. धाकटा गेले तीन आठवडे तेरा गुणांच्या पिल्लाच्या शोधांत आहे. मध्यंतरीं पंधराचीं दोन मिळालीं. तीं त्यानें थोरल्यास फुकट देऊं केलीं आहेत. थोरला घेत नाहीं.