एजंटचे कमिशन आणि केसपेपरवरची एक ओळ

पाथर्डी तालुक्यातील एक पन्नाशीचे शेतकरी काही दिवसांपूर्वी आमच्याकडे आले. चालताना छातीत भरून येत होते. आधी ते एका खासगी रुग्णालयात गेले होते. तेथे अँजिओग्राफी झाली, अँजिओप्लास्टी करायची ठरली आणि विमा कंपनीने कॅशलेस नाकारले. कारण साधे होते. त्या रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘मधुमेह ६ वर्षे’ असे लिहिलेले होते आणि दोन वर्षांपूर्वी भरलेल्या विम्याच्या अर्जात मधुमेहासमोर ‘नाही’ अशी खूण होती.

मुलगा म्हणाला, ‘‘एजंटनं काही विचारलंच नाही, बाबांनी नुसत्या सह्या केल्या.’’ मग हळूच म्हणाला, ‘‘साहेब, तुमच्या पेपरवर शुगर यंदाच निघाली असं लिहा ना.’’

तसे मला लिहिता येत नाही. केसपेपर हे उपचाराचे कागद असतात, ते खोटे झाले तर पुढचा डॉक्टरही चुकतो. पण दोष एकट्या त्या बापलेकाचा नाही. ‘नाही’ची खूण का झाली हे समजायला एजंटला पैसे कसे मिळतात ते पाहावे लागते.

पैसे मिळतात कशाचे?

आरोग्य विम्याच्या एजंटला पगार नसतो. तुम्ही भरलेल्या हप्त्यातून टक्केवारीने कमिशन मिळते, नूतनीकरणाच्या वेळीही मिळते. मार्च २०२३ पर्यंत वैयक्तिक आरोग्य विम्यावर एजंटचे कमिशन जास्तीत जास्त १५ टक्के होते. म्हणजे २५ हजारांच्या हप्त्यामागे ३,७५० रुपये. १ एप्रिल २०२३ पासून विमा नियामक ‘इर्डा’ने ही वेगळी मर्यादा काढली. आता कंपनीचा एकूण व्यवस्थापन खर्च ठरावीक मर्यादेत बसला पाहिजे. साधारण विमा कंपन्यांसाठी ती मर्यादा हप्त्यांच्या ३० टक्के आणि फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांसाठी ३५ टक्के आहे. त्यात पगार, कार्यालये, जाहिराती आणि कमिशन सारे आले. त्यातले कमिशन किती, ते कंपनी ठरवते.

अमेरिकेत ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ योजनेतला औषधांचा विमा खासगी कंपन्या विकतात. तेथे एजंटचा मोबदला हप्त्याच्या टक्केवारीवर नसतो. माणशी किती रक्कम द्यायची याची कमाल मर्यादा सरकार दरवर्षी ठरवते आणि नूतनीकरणाला पहिल्या वर्षाच्या फार तर निम्मी रक्कम मिळते. महाग योजना गळ्यात मारून जास्त कमाई होऊ नये, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे हप्ता मोठा तर कमिशन मोठे.

यावरून सगळे एजंट लबाड ठरत नाहीत. रात्री दोन वाजता रुग्णालयात कागद घेऊन धावत येणारे एजंट मी पाहिले आहेत. पण कमिशन मिळते ते पॉलिसी निघाल्यावर. दावा मंजूर झाला म्हणून जादा मिळत नाही आणि नाकारला गेला म्हणून घेतलेले सहसा परत जात नाही. अर्जात मधुमेह, रक्तदाब लिहिला तर तपासण्या लागतात, हप्ता वाढतो, कधी अर्जच नाकारला जातो. ‘काही होत नाही काका, नाही लिहू’ हे वाक्य येथून येते. त्या वाक्याची किंमत एजंट मोजत नाही, रुग्ण मोजतो.

खरे लिहिले असते तर?

आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पूर्वी तो चार वर्षे असे. त्यानंतर तो आजारही विम्यात येतो. पॉलिसी सलग पाच वर्षे चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर मात्र येतो. खरे लिहिणाऱ्याला थोडे थांबावे लागते. खोटे लिहिणाऱ्याचे हप्ते जातात आणि गरजेच्या वेळी हात रिकामे राहतात.

म्हणून एवढे करा. अर्ज स्वतः भरा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. कोऱ्या अर्जावर सही करू नका. पॉलिसी हाती आली की सोबतच्या अर्जाच्या प्रतीत आजारांसमोर काय लिहिले आहे ते पाहा. पटले नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. कंपनी बदलायची असेल तर जुनी सोडून नवी घेऊ नका. पोर्ट करून घ्या, म्हणजे भरलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही. ‘माझ्या कमिशनमधून पहिला हप्ता मी भरतो’ असे कोणी म्हणाले तर सावध व्हा, विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार तशी सूट देण्यास बंदी आहे.

दावा चुकीने नाकारला असे वाटत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर आपल्या जिल्ह्यासाठी पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात. फी नाही, वकीलही लागत नाही.

ज्या विम्याला एजंट नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. राज्य सरकारच्या जुलै २०२३ च्या निर्णयाने फुले योजना सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळते. या योजनांत जुन्या आजाराची अट नाही. हप्ता नाही, म्हणून कमिशन नाही, म्हणून घरी येऊन सांगणाराही कोणी नाही. विचारायचे असते ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला.

आमच्या रुग्णाचे रेशनकार्ड घरीच होते. मुलगा ते घेऊन आला आणि योजनेतल्या रुग्णालयात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तपासणीला परत आले तेव्हा त्यांनी दोन वर्षांच्या हप्त्यांचा हिशेब सांगितला. ‘‘चव्वेचाळीस हजार गेले साहेब. अन् हे कार्ड कपाटातच होतं.’’

मी त्यांच्या केसपेपरवर नेहमीची ओळ लिहिली, ‘मधुमेह ६ वर्षे’. या वेळी त्यांना त्या ओळीची भीती वाटली नाही.