डेटालाही सातबारा लागतो!

पावसाळ्यात पुणे-दौंड गाडीत बसलात तर एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘दौंडला विसर्ग किती चाललाय?’ कुणीतरी मोबाइल काढून आकडा सांगतं आणि डब्यात हिशेब सुरू होतात. उजनी कधी भरणार, यंदा ऊस लावायचा का, नदीकाठच्या पाहुण्यांना फोन करायचा का. तुम्हीही हा आकडा ग्रुपवर पुढे ढकलला असेल. पण तो येतो कुठून, असा प्रश्न कधी पडलाय?

घरच्या नळाला असतो तसा मीटर काही भीमेला बसवलेला नाही. साधी पद्धत अशी, की नदीकाठच्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी वाचायची. त्या ठिकाणी अमुक पातळीला किती पाणी वाहतं, हे आधी अनेकदा प्रत्यक्ष मोजून एक तक्ता केलेला असतो. पातळी वाचली की तक्त्यावरून विसर्ग निघतो. पण पात्रातली वाळू उपसली गेली किंवा गाळ साचला, की तो तक्ता पुन्हा तपासावा लागतो. नाही तपासला तर पट्टी खरं बोलते आणि आकडा खोटा पडतो.

हिशेब करून बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. ११ हजार ५७४ क्युसेकने २४ तास पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. म्हणजे दौंडला दिवसभर ५० हजार क्युसेक चालू राहिला, तर उजनीच्या दिशेने सव्वाचार टीएमसीच्या वर पाणी गेलं.

हा झाला आजच्या आकड्याचा उपयोग. वर्षानुवर्षांचे आकडे हाताशी असले, की त्यांचं मोल आणखी वाढतं. आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठच्या प्लॉटवर घर बांधायचं की नाही, हे त्या रेषांवर ठरतं. आणि त्या रेषा उभ्या असतात कुणीतरी कधीकाळी पावसात भिजत वहीत लिहून ठेवलेल्या आकड्यांवर. ती वहीच हरवली तर?

विहिरीतलं पाणी, फायनल नवीन २

खरं सांगायचं तर हे मला उशिरा कळलं, तेही तोंडावर आपटल्यावर. टीवायला असताना आम्ही पाच जणांनी दौंड तालुक्यातल्या एका गावात विहिरींचा सर्व्हे केला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत, गाड्यांवर ट्रिपल सीट फिरत, ४३ विहिरी. पाणी किती खोल, मोटर किती एचपीची, पीक कुठलं. मार्क चांगले पडले, फोटो काढले, विषय संपला.

तीन वर्षांनी त्याच गावातल्या एका ज्युनिअरला तुलना करायची होती. तिने आमची फाइल मागितली. बरीच शोधाशोध करून ती सापडली. नाव होतं ‘विहीर फायनल नवीन २’. ‘पाणी’ नावाच्या कॉलममध्ये कुठे ५, कुठे ६, कुठे ३०. आता हे ५ म्हणजे ५ फूट की ५ परस? विहिरीवरचे आजोबा परसात सांगायचे, पोरं फुटात सांगायची आणि आम्ही ऐकलं तसं लिहून घेतलं होतं. परस म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या माणसाची उंची, धरा सहा फूट. म्हणजे तोच आकडा थेट सहापट चुकू शकत होता. विहिरींना नंबरही दिले नव्हते. ‘शिंद्यांची विहीर’ एवढंच लिहिलेलं, आणि गावात निम्मे शिंदे!

ती काही बोलली नाही. ‘बरं दादा,’ म्हणाली आणि नव्याने मोजायला निघाली. पण तीन वर्षांपूर्वीचं पाणी तिला आता कुठून मोजता येणार होतं?

वढूची २२ गावं

आता भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात चला. वढू बुद्रुक म्हटलं की आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते. त्याच गावात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राचं मोठं काम चालतं. हे केईएम रास्ता पेठेतलं बरं का, मुंबईचं नव्हे. तिथल्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७७ मध्ये वढूच्या परिसरात ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. पुढे १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००२ पासून या कामाला एक वेगळी जोड मिळाली. शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांमधल्या घराघराची नोंद ठेवायला सुरुवात झाली. वर्षातून दोनदा कार्यकर्ते दारात येतात आणि विचारतात, मागच्या खेपेनंतर घरात कोण जन्मलं, कोण गेलं, कोण लग्न होऊन आलं, कोण कामासाठी बाहेर पडलं. कुणाचा मृत्यू झाला असेल, तर घरच्यांशी शांतपणे बोलून त्याचं कारण काय असावं, याचीही नोंद होते. आज एक लाखाहून जास्त माणसं या नोंदीत आहेत. आशिया-आफ्रिकेतल्या अशाच केंद्रांचं ‘इनडेप्थ’ नावाचं जाळं १९९८ मध्ये उभं राहिलं. वढू त्यातलंच एक.

तुम्ही म्हणाल, हॉस्पिटलात पेशंटची नोंद असतेच की, मग दारोदार कशाला फिरायचं? इथेच खरी मेख आहे. हॉस्पिटलला कळतं, की या महिन्यात ताप आलेले दहा जण आले. पण ते किती लोकांमधले दहा? हजारातले की दहा हजारांतले? भागाकारातला खालचा आकडा माहीत नसेल, तर वरच्या आकड्याने फक्त घाबरवता येतं. वढूसारखी नोंद तो खालचा आकडा पुरवते.

आणि मग एखादा पक्का समजही हलतो. ‘सीओपीडी’ हा फुप्फुसांचा आजार म्हणजे विडी-सिगारेटवाल्यांचा, असं आपण धरून चालतो. याच २२ गावांत चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि केईएमने तपासणी केली, तेव्हा आजार आढळलेल्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी विडी ओढलेली नव्हती. गावातल्या सगळ्यांची यादी आधीपासून हाताशी असेल, तरच कुणाला तपासायचं हे नीट ठरवता येतं आणि असं काहीतरी दिसतं.

फेरफार आणि खाडा

हे सगळं टिकवायला काय लागतं? मोठा सर्व्हर, एसी खोली, सॉफ्टवेअर हे लागतंच. पण तो सोपा भाग आहे, पैसे टाकले की येतो. अवघड भाग समजून घ्यायचा असेल, तर घरातला सातबारा काढा.

सातबाऱ्यावर नुसतं नाव नसतं. जमिनीला गट नंबर असतो. मालक बदलला तरी जमिनीची ओळख बदलत नाही. डेटाचंही तसंच. वढूसारख्या कामात घराला आणि माणसाला स्वतःचा नंबर असतो, कारण नाव बदलतं, लग्नानंतर आडनाव बदलतं, घरात एक ‘बाळू’ आणि शेजारी दुसरा ‘बाळू’ असतो. आमच्या ४३ विहिरींना नेमका हाच नंबर नव्हता.

सातबाऱ्यावर दुसरी गोष्ट असते ती फेरफार. कुणाचं नाव कधी लागलं, कशामुळे लागलं, याचा माग. डेटातही एखादा आकडा दुरुस्त केला, तर कुणी केला, कधी केला आणि का केला, हे लिहिलेलं हवं. जुना आकडा खोडून नवा टाकला आणि फेरफार नोंदवला नाही, तर दहा वर्षांनी दोन्हींवरचा विश्वास उडतो. जमिनीच्या फेरफारात गडबड झाली की काय होतं, हे शिरूर-दौंडच्या पोरांना वेगळं सांगायला नको!

तिसरी गोष्ट म्हणजे खाडा न पडणं. समजा, पैसे नाहीत म्हणून दोन वर्षं दारोदार जाणं थांबलं. पुणे-नगर रस्त्याच्या पट्ट्यात कारखाने आले तशी भाड्याच्या खोल्यांमधली वस्ती वाढली. वाशीम-परभणीपासून बिहारपर्यंतची माणसं येतात, वर्ष-सहा महिने राहतात, निघून जातात. त्या दोन वर्षांत आलेलं आणि गेलेलं कुटुंब वहीत कधी आलंच नाही. नंतर कितीही निधी ओता, ती पानं कोरीच राहणार.

आणि खाडा पडतो तो बहुतेक वेळा पैशांमुळे. नव्या प्रकल्पाचं उद्‌घाटन होतं, पेपरात फोटो येतो. जुनी नोंद नेटाने चालू ठेवणाऱ्या डेटा मॅनेजरचा फोटो कधी पाहिलाय? मोठ्यांचीही यातून सुटका नाही. जगभरच्या देशांना आरोग्य आणि लोकसंख्येच्या पाहण्या करायला मदत करणारा ‘डीएचएस’ कार्यक्रम १९८४ पासून चालू होता. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने पैसा थांबवला आणि तो अचानक ठप्प झाला. आणि ‘नासा’ची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. माणूस चंद्रावर उतरला तेव्हाच्या चित्रणाच्या मूळ टेप शोधायला ते बसले, तेव्हा लक्षात आलं, की टेपची टंचाई होती म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. टीव्हीवर दाखवलेल्या प्रती होत्या म्हणून आपल्याला निदान ती दृश्यं तरी दिसतात.

दार उघडतं ते विश्वासावर

सर्व्हरपेक्षाही नाजूक एक गोष्ट राहिली. माणसं दार का उघडतात? घरातल्या मृत्यूबद्दल, आजाराबद्दल परक्याशी का बोलतात? आपली माहिती चव्हाट्यावर येणार नाही, हा भरवसा असतो म्हणून.

नाव काढून टाकलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण समजा यादीत लिहिलंय, ‘वय ९७, स्त्री, अमुक गाव’. गावातलं शेंबडं पोरही सांगेल, ही कुणाची आजी! म्हणून संशोधकांना डेटा देताना वयाचे गट करतात, गावाचं नाव झाकतात, कुणाला काय दिसेल याचे नियम ठरवतात. डेटा इतरांच्या उपयोगी पडला पाहिजे आणि त्यातलं माणूसही झाकलेलं राहिलं पाहिजे. ही दोरीवरची कसरत रोज करावी लागते. एकदा पाय घसरला तर पुढच्या फेरीला दारं बंद.

तुमच्या हातात काय आहे?

तुमच्यापैकी बरेच जण या वर्षी फील्ड प्रोजेक्ट करणार आहात. कुणी पाण्याचा, कुणी उसाच्या फडातल्या मजुरांचा, कुणी गावातल्या पक्ष्यांचा. मार्क पडले की फाइल मरते, हे थांबवायला फार काही लागत नाही.

पहिल्या दिवशीच एक साधं पान लिहा. कॉलमचं नाव, त्याचा अर्थ, एकक काय, कुणी मोजलं, कधी, कशाने. ‘पाणी’ लिहू नका, ‘जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली, फुटात’ असं लिहा. प्रत्येक विहिरीला, घराला, झाडाला नंबर द्या. फाइलच्या नावात ‘फायनल’ टाकायचा मोह आवरा, तारीख टाका. मूळ फाइलला हात लावू नका, दुरुस्ती प्रतीवर करा आणि काय बदललं ते लिहून ठेवा. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या जागी, म्हणजे लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह वगैरे, आणि तिसरी घराबाहेर, क्लाउडवर किंवा कॉलेजात. माणसांची माहिती असेल, तर आधी परवानगी घ्या आणि नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवा.

काम चांगलं झालं असेल आणि त्यात कुणाची खासगी माहिती नसेल, तर ते ‘झेनोडो’वर टाका. ‘सर्न’ ही युरोपातली संशोधन संस्था ते चालवते. ते मोफत आहे आणि तिथे तुमच्या फाइलला कायमचा नंबर मिळतो. तुमच्या कामाचा गट नंबरच समजा! आणि यात गोडी लागली, तर कामही आहे. दवाखाने, हवामान, शेती, पाणी, सगळीकडे डेटा नीट राखणारी माणसं लागतात. आकडे आणि गावची भाषा दोन्ही समजणारी तर फारच कमी.

शेवटचं एक. २००२ मध्ये त्या २२ गावांत पहिल्या फेरीनंतर जन्मलेली बाळं आता विशीत आहेत. कोण जाणे, त्यातलं कुणी तुमच्याच बाकावर बसत असेल, किंवा ते तुम्हीच असाल. त्या नोंदीत तुमची एक ओळ आहे. तुमच्या आईने दारात उभं राहून सांगितलेली, कुणीतरी उन्हातान्हात चालत येऊन लिहून घेतलेली आणि तेव्हापासून कुणीतरी जपलेली. पुढच्या खेपेला कुणी वही किंवा टॅब घेऊन दारात आलं, तर ‘नंतर या’ म्हणायच्या आधी आत बोलवा, पाणी द्या. आणि आज रात्री आपली ती प्रोजेक्टची फाइल उघडा. ‘पाणी’ कॉलममध्ये एकक लिहिलंय का, तेवढं बघा.